काडाचा हिशेब, दुधाच्या लिटरात

३ मार्च

कुरणात नवी फूट जोरात आहे आणि गायी आठ दिवसांपासून दिवसरात्र बाहेर चरतायत. दूध वाढलं, पण फॅट ३.९ वरून ३.५ वर आली. शेण पातळ झालंय. पो पडतो तो पसरूनच पडतो, काठ धरत नाही. शेपट्या आणि मागचे पाय माखलेले.

काकांचं म्हणणं सरळ आहे. "ताई, नुसत्या कोवळ्या गवतावर पोटात चोथा कुठून जाणार? रोज दीड किलो काड टाका, शेण बांधलं जाईल, फॅट चढेल." माझ्या जन्माआधीपासून ते गायी सांभाळतायत. त्यांचं म्हणणं मी वाऱ्यावर सोडणार नाही. पण गव्हाच्या काडाची एक गाडी म्हणजे मोठा खर्च आहे, आणि ती आणायची तर आधी मोजून बघायची. काकांना सांगितलं, "दीड महिना द्या. अर्ध्या गायींना घालू, अर्ध्यांना नाही, मग उलट करू." ते हो म्हणाले, पण दुधाचं वजन घेताना समोर उभं राहणार, ही अट घालून.

एक ठरवून टाकलं. हिशेब पैशात न ठेवता दुधाच्या लिटरात ठेवायचा. दर वरखाली होतात, पण काड, मजुरी, दूध सगळं लिटरात आणलं की तुलना टिकते.

४ मार्च

सुरुवात करण्याआधी कागदावर बघितलं की चोथा खरंच कमी पडतोय का.

चाऱ्यातला चोथा मोजायचं माप एनडीएफ, म्हणजे न्यूट्रल डिटर्जंट फायबर. पशुआहाराचे संशोधक पीटर व्हॅन सोएस्ट यांनी १९६० च्या दशकात बसवलेली पद्धत. चारा ठरावीक द्रावणात उकळायचा, विरघळतं ते पेशीच्या आतलं, मागे उरतो तो पेशींच्या भिंतींचा सांगाडा. कोवळ्या गवतात हा शुष्क वजनाच्या साधारण ३५ ते ४५ टक्के असतो, काडात ७० च्या पुढे.

आमची सरासरी गाय ५०० किलोची, २२ लिटरची. दोन धारांना मिळून ४ किलो खुराक खाते, त्यातलं शुष्क वजन साडेतीन किलो धरते. तेवढं दूध द्यायला लागणाऱ्या ऊर्जेवरून मागे जाऊन काढलं, तर गवत सुमारे १२ किलो शुष्क वजनाचं खात असणार. गवताची एनडीएफ ३७ धरली (नमुना प्रयोगशाळेत पाठवलाय, आकडा येईल तेव्हा सुधारते), तर गवतातून ४.४ किलो आणि खुराकातून ०.७ किलो. साडेपंधरा किलोत ५.१ किलो, म्हणजे ३३ टक्के.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची २००१ ची आहारमानकं किमान २५ टक्के एनडीएफ सांगतात, त्यातली १९ टक्के वैरणीतून आलेली हवी. आमच्या गायींना नुसत्या गवतातूनच २८ टक्के मिळतेय. म्हणजे कागदावर तरी चोथा कमी नाही. काकांना दाखवलं. त्यांनी कागद नीट वाचला आणि म्हणाले, "मग शेण पातळ का?"

प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जाणार नाही.

५ मार्च

सकाळी पट्ट्यातलं गवत कापून १०० ग्रॅम मोजून घेतलं आणि मायक्रोवेव्हमध्ये थोडं थोडं वाळवलं. आत शेजारी पाण्याचा पेला ठेवला, गवत जळू नये म्हणून. वजन उतरायचं थांबलं तेव्हा काट्यावर १५ ग्रॅम. बाकी ८५ ग्रॅम पाणी.

म्हणजे १२ किलो शुष्क वजनासाठी एक गाय दिवसाला ८० किलो ओलं गवत तोडते, आणि त्यातून ६८ लिटर पाणी पोटात घेते. वर प्रथिनं जास्त आणि पोटॅश भरपूर. हे सगळं बाहेर टाकताना शेण आणि मूत पातळ होणारच. काकांना त्या वाळलेल्या चिमूटभर गवताची वाटी हातात दिली. त्यांनी ते बोटांनी चुरलं, वास घेतला आणि म्हणाले, "एवढंच?"

पातळ शेणाला कारण आहे, आणि ते चोथ्याची कमतरता असेलच असं नाही. मात्र शेणात फेस, न पचलेले दाणे किंवा चिकट पडदा दिसला तर गोष्ट वेगळी. तेव्हा कोटीपोटात, म्हणजे गायीच्या पहिल्या मोठ्या पोटात, आम्ल वाढल्याचा संशय घ्यायचा.

६ मार्च

प्रत्येक गायीचं वेगळं दूध तपासलं. २७ पैकी २४ गायी ३.३ ते ३.९ मध्ये. पण तांबडी, मोरी आणि भुरी या तिघींची फॅट २.८ च्या आसपास, आणि प्रथिनं ३.१. फॅट प्रथिनांच्या खाली गेली की माझ्या मनात घंटा वाजते. तिघीही तीस लिटरच्या वरच्या. तिघींना प्रत्येक धारेला ४ किलो, दिवसाला ८ किलो खुराक चालू आहे, तोही बारीक दळलेला.

भुरीच्या शेणात बोट घालून बघितलं. राखाडी, फेस धरलेलं, आणि धान्याचे पांढरे कण स्पष्ट दिसत होते. इतर गायींचं शेण तेवढंच पातळ, पण हिरवं आणि एकजीव.

या तिघींना प्रयोगातून बाहेर काढलं. त्यांचा आजार वेगळा आहे, काडाचा गट त्यांच्यामुळे बिघडेल. उरलेल्या २४ चे दोन गट केले, १२-१२. वेत, व्याल्यापासूनचे दिवस आणि दूध बघून जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली एक इकडे, एक तिकडे. काकांना नाणं उडवायला लावलं.

९ मार्च

आठवडाभराची पायाभूत नोंद पूर्ण. दोन्ही गटांची सरासरी २२.१ लिटर, फॅट ३.५. उद्या सुरू.

पद्धत लिहून ठेवते, पुढे वाद नको. अ गटाला रोज गायीमागे दीड किलो काड, सकाळच्या धारेनंतर गव्हाणीत. उरलेलं दुसऱ्या दिवशी वजन करायचं. २१ दिवसांनी अदलाबदल, मग ब गटाला काड. प्रत्येक टप्प्याचा पहिला आठवडा हिशेबात धरायचा नाही, कारण कोटीपोटातल्या जिवाणूंना नव्या चाऱ्याला सरावायला वेळ लागतो. चरायला दोघांना शेजारशेजारचे पट्टे, सारख्या उंचीचं गवत, सारखं क्षेत्र. बरोबर १०० चौरस मीटर गायीमागे. चरण्याआधी आणि नंतर अर्धा मीटर गुणिले अर्धा मीटरची चौकट टाकून गवत कापायचं, वाळवायचं, वजन करायचं.

हे शेवटचं काम सगळ्यात किचकट आहे आणि सगळ्यात महत्त्वाचंही. दूध तर काटा सांगेल. गायींनी मागे किती गवत सोडलं हे कोणीच मोजत नाही.

१२ मार्च

अ गट काड खातच नाही. अठरा किलो टाकलं, सहा उरलं. बाहेर इतकं गोड गवत असताना कोण खाईल! ठिपकी नावाची गाय तर थुतरीने काडाच्या लांब काड्या बाजूला सारते आणि तळाशी पडलेला पाला चाटून घेते. दहा मिनिटं तिच्यासमोर उभी राहिले. एक लांब काडी तिच्या ओठात अडकली होती, ती तिने मान झटकून टाकून दिली.

काका म्हणाले, कुट्टी करू. चार-पाच सेंटिमीटरची कुट्टी केली आणि वरून थोडं मळीचं पाणी शिंपडलं. त्याहून बारीक करायची नाही, कारण अगदी भुगा झाला तर तो रवंथाला काही कामाचा नाही. पशुआहाराचे दुसरे संशोधक डेव्हिड मर्टेन्स यांनी १९९७ मध्ये मांडलेली कल्पना हीच आहे. नुसती एनडीएफ मोजून भागत नाही, तिच्यातली किती लांबीने चघळायला लावते ते बघायचं. १.१८ मिलिमीटरच्या चाळणीवर जे थांबतं ते त्यांनी चघळायला लावणारं धरलं. दळलेल्या चाऱ्यात एनडीएफ तेवढीच राहते, पण जबडा हलत नाही.

आणि जबडा हलणं हाच सगळा मुद्दा आहे. गाय दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गाळते, त्यात सोडा आणि फॉस्फेट असतं. कोटीपोटात तयार होणारं आम्ल तीच लाळ मारते. चघळणं कमी, लाळ कमी, आम्ल जास्त.

१५ मार्च

मळीवर आता काड संपतंय. उरतं ते किलोभर.

दुपारी दोन्ही गट बसलेले असताना रवंथ मोजला. बसलेल्या दहा गायींपैकी किमान निम्म्या रवंथ करत असाव्यात अशी साधी कसोटी. अ गटात बसलेल्या नऊपैकी सहा करत होत्या. ब गटात, म्हणजे ज्यांना काडाची एक काडीही मिळालेली नाही त्यांच्यात, दहापैकी सहा.

मग एकेका घासाचे चावे मोजले. गळ्यात गोळा वर येताना दिसतो, गाय क्षणभर थांबते, मग जबडा आडवा फिरू लागतो. गोळा खाली गेला की मोजणी बंद. अ गटात सरासरी ५८ चावे, ब मध्ये ५३. फरक आहे, पण ५३ चावे घालणाऱ्या गायीला चोथा नाही असं कोण म्हणेल? गवत जिभेने वेढून तोडलेलं असतं, लांबच्या लांब पात्यांचं. ते कोवळं असलं तरी दळलेलं नसतं.

काका माझ्या शेजारी बसून मोजत होते. त्यांचे आकडे माझ्याशी दोन-तीनच्या फरकाने जुळले.

१९ मार्च

अ गटाचं शेण खरंच सुधारलंय. घट्टपणाच्या एक ते पाच गुणांच्या मापावर दोनवरून अडीचला आलं. पाचपैकी तीन आदर्श धरतात. काका खूश आहेत आणि त्यांचा आनंद रास्त आहे. माखलेल्या शेपट्या कमी म्हणजे धारेच्या वेळी कास पुसायला कमी वेळ, सडांना घाण कमी. ही गोष्ट मी हिशेबात एक ओळ म्हणून धरणार, जरी तिचं लिटरात रूपांतर मला नीट जमत नसलं तरी.

पण दुधाचा काटा गप्प बसत नाही. अ गट पाच दिवस सलग ब पेक्षा खाली आहे.

२४ मार्च

तांबडी, मोरी, भुरी. १० तारखेपासून त्यांना काड न देता खुराकाची मांडणी बदलली. एका वेळचा ४ किलोचा खुराक बंद. अडीच किलो सकाळी, अडीच दुपारी, अडीच संध्याकाळी. धान्याचा तिसरा हिस्सा काढून सोयाबीनची टरफलं घातली. दिवसाला १५० ग्रॅम खाण्याचा सोडा.

सोयाबीनच्या टरफलात एनडीएफ साठ टक्क्यांच्या आसपास, पण ती कोटीपोटात सहज पचते. चघळायला फारसं लावत नाही, पण स्टार्चसारखं झपाट्याने आम्लही करत नाही. चोथा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काडच येतं. पण चघळायचा चोथा वेगळा आणि पचायचा चोथा वेगळा, आणि या तिघींना दुसरा हवा होता.

आज तिघींची फॅट ३.३, ३.२, ३.४. दूध सरासरी अर्धा लिटर उतरलं. मी तीन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे कशाने किती झालं हे वेगळं काढता येणार नाही. आजारी गायींवर एकेक गोष्ट दोन-दोन आठवडे तपासत बसायला मन धजलं नाही.

गायीच्या फॅटबद्दल एक गोष्ट काकांना समजावली, इथेही लिहिते. कोवळ्या गवतात तेल असतं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल. कोटीपोटातले जिवाणू ते बदलत नेतात. पोटात आम्ल वाढलेलं असलं की हा बदल वेगळ्या वाटेने जातो आणि एक विशिष्ट मेदाम्ल तयार होतं. ते थोडंसंच कासेपर्यंत पोचलं तरी कास फॅट बनवणं कमी करते. म्हणजे फॅट उतरायला दोन हात लागतात. तेल गवताकडून, आम्ल खुराकाकडून. गवत तर आम्हाला हवंच आहे, तेव्हा सोडवायचा तो दुसरा हात.

३० मार्च

पहिला टप्पा संपला. शेवटच्या १४ दिवसांची सरासरी: अ (काड) २१.५ लिटर, ब (बिनकाड) २२.०. फॅट अ ३.६, ब ३.५.

फॅटचा आकडा बघून काकांनी मांडीवर थाप मारली. मी काहीच बोलले नाही. दुसरा टप्पा होऊ दे.

उद्यापासून ब गटाला काड.

५ एप्रिल

गवताचा प्रयोगशाळेचा आकडा आला: एनडीएफ ३७, प्रथिनं २४. माझा अंदाज बरोबर ठरला याचं समाधान वाटलं. इतक्या प्रथिनांवर मॅग्नेशियमची काळजी घ्यायला हवी. कोवळ्या, पोटॅश जास्त असलेल्या गवतावर मॅग्नेशियम अंगी लागत नाही आणि गाय थरथरून आडवी पडू शकते. त्यावर काड हा इलाज नव्हे. खुराकात गायीमागे ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड चालू आहे, चालूच ठेवायचं.

११ एप्रिल

आजचा दिवस काडाच्या बाजूने लिहावा लागेल.

क्लोव्हर (कुरणातला तीन पानांचा द्विदल चारा) दाट असलेला खालचा पट्टा सकाळी उघडला. गायी रात्री एका चरून संपलेल्या पट्ट्यात होत्या, भुकेल्या. चूक माझी. अ गट (सध्या बिनकाड) थेट क्लोव्हरवर तुटून पडला. पाऊण तासाने काका धावत आले. "ताई, ठिपकी फुगली!" डावी भकाळी पाठीच्या कण्याच्या वर आलेली, टिचकी मारली की ढोलासारखी. तोंड उघडं, जीभ बाहेर, पाय फाकवून उभी. आणखी दोघी फुगायला लागलेल्या.

डॉक्टरांना फोन करून सगळ्यांना बाहेर काढलं. ते येईपर्यंत काकांनी ठिपकीचं तोंड धरलं आणि मी बाटलीने पाव लिटर तेल पाजलं, हळूहळू, डोकं फार वर न करता, श्वासनळीत जाऊ नये म्हणून. क्लोव्हरची पोटफुगी फेसाची असते. वायू बारीक बुडबुड्यांत अडकतो, ढेकर येत नाही. तेलाने फेस मोडतो. डॉक्टरांनी येऊन नळी घातली, आणखी औषध पाजलं. अर्ध्या तासाने ठिपकीने मोठा ढेकर दिला तेव्हा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही.

ब गट त्याच पट्ट्याच्या दुसऱ्या भागात होता, तितक्याच क्लोव्हरवर. त्यांनी सकाळी काड खाल्लं होतं. एकही फुगली नाही. एका दिवसावरून सिद्ध काही होत नाही. पण भुकेल्या पोटी क्लोव्हरवर सोडू नये आणि आधी वाळलं काही खाऊ घालावं, हे पशुवैद्य पूर्वीपासून सांगतात, आणि त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. भरलेल्या पोटाची गाय हावऱ्यासारखी खात नाही.

२० एप्रिल

दुसरा टप्पा संपला. अ (बिनकाड) २१.८, ब (काड) २०.९. ११ तारखेला फुगलेल्या तिघींचे तीन दिवस आणि जोडीतल्या गायींचे तेच दिवस वगळून. वेत पुढे सरकतं तसं दूध थोडं उतरतंच, म्हणूनच अदलाबदल केली होती.

दोन्ही टप्पे मिळून: काडावर २१.२ लिटर, काडाशिवाय २१.९. फॅट ३.६ आणि ३.५.

रात्री जेवण झाल्यावर काका आणि मी ओट्यावर बसलो आणि मी त्यांना एकच गुणाकार करायला लावला. २१.२ लिटरला ३.६ टक्के म्हणजे ७६३ ग्रॅम फॅट. २१.९ ला ३.५ टक्के म्हणजे ७६७ ग्रॅम. त्यांनी दोनदा केला. मग वही खाली ठेवली.

"म्हणजे फॅट वाढलीच नाही?"

"टक्का वाढला, काका. दूध कमी झालं म्हणून टक्का वाढला. गाय रोज तेवढीच फॅट देतेय."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी टक्काच बघितला."

सगळे टक्काच बघतात, कारण दर टक्क्यावर ठरतो. त्यांचा यात काही दोष नाही.

२२ एप्रिल

चौकटींचा हिशेब पूर्ण केला. चरण्याआधी दोन्हीकडे हेक्टरी २,७०० किलो शुष्क गवत. बिनकाड गटाने मागे १,५०० सोडलं, काडाच्या गटाने सरासरी १,६१०. गायीमागे १०० चौरस मीटर धरून, काड खाणाऱ्या गायीने रोज १.१ किलो गवत कमी खाल्लं. एका चौकटीत हा फरक तीन ग्रॅमच्याही आतला आहे आणि चौकटी एकमेकींपासून त्याच्या कितीतरी पट हलतात. रोज दहा-दहा चौकटी टाकल्या म्हणून सरासरी उभी राहिली. १.१ चा १.३ किंवा ०.९ असू शकतो, पण शून्य नक्की नाही.

आणि इथेच दुधाचं उत्तर आहे. काडाचं शुष्क वजन (दीड किलोतलं) १.३५ किलो, त्याची ऊर्जा किलोला साडेसहा मेगाजूल धरली तर आत आले ८.८. सुटलेलं गवत १.१ किलो, किलोला साडेअकराप्रमाणे, म्हणजे गेले १२.६. रोज जवळपास ४ मेगाजूलचा खड्डा. लिटरभर दुधाला पाच-साडेपाच लागतात. म्हणजे पाऊण लिटर. काट्याने दाखवलेला फरक ०.७.

दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला तेव्हा मला वहीवर विश्वास बसला.

लिटरातला हिशेब, गायीमागे रोज:

दीड किलो काड, वाहतुकीसह: ०.३ लिटर. कुट्टी, मळी, वाटप, उरलेलं उचलणं, बारा गायींमागे पाऊण तास: ०.२ लिटर. दूध उतरलं ०.७, पण फॅटचा एक पॉइंट चढल्याने दर शेकडा एकाने चढला, त्यातून ०.२ परत. जमेला धरून निव्वळ तोटा १ लिटर. बारा गायींचे रोज बारा लिटर.

काडाचं बिल या तोट्याच्या तिसऱ्या भागापेक्षाही कमी आहे. गाडीवाल्याशी घासाघीस करून मी ते निम्म्यावर आणलं असतं, तरी खरा खर्च तसाच राहिला असता. तो कुरणात उभा होता, न खाल्लेलं गवत होऊन.

स्वच्छ कासेची ओळ जमेकडे कोरी ठेवलीय. त्या सहा आठवड्यांत कासदाहाची एकच गाय निघाली, ती काडाच्या गटातली. एकावरून काही म्हणता येत नाही.

२६ एप्रिल

काड बंद. त्याऐवजी पट्ट्यांची फेरी, म्हणजे चरलेल्या पट्ट्यात गायी पुन्हा सोडेपर्यंतचे दिवस, १८ वरून २३ वर नेतेय. राय गवताचं रोप एका वेळी तीनच जिवंत पानं धरतं. चौथं आलं की पहिलं वाळतं. आम्ही दुसऱ्या पानावरच चारत होतो. कोवळं, पाणीदार, आणि उत्पादनही कमी, कारण तिसऱ्या पानाच्या वेळी गवत सगळ्यात जास्त भरतं. चोथा विकत आणण्याआधी तो कुरणात पाच दिवस जास्त वाढू द्यायला काय हरकत आहे?

अडचण एवढीच की फेरी लांबवताना मधले काही दिवस गवत कमी पडणार.

१ मे

तसंच झालं, वर थंड वारं सुटून वाढ मंदावली. मागे उरणारं गवत १,३०० च्या खाली चाललंय, गायी फाटकाशी उभ्या राहून हंबरतायत. उरलेलं काड आणि चांगलं वाळलं गवत काढलं, सगळ्या गायींना. दूध वीस लिटरवर येऊन थांबलं, कोसळलं नाही.

काकांनी विचारलं, "आता कसं काय चालतं काड?" चालतं, कारण आज ते कुठल्याही गवताची जागा घेत नाहीये. गवतच नाही. गठ्ठा तोच, पण महिन्याभरापूर्वी तो भरल्या ताटात घातलेला घास होता, आज उपाशी पोटातला आहे. मात्र याला चोथ्याचा खर्च म्हणायचं नाही. हा वैरणीचा खर्च आहे आणि वेगळ्या पानावर लिहायचा. वैरणच द्यायची तर काडापेक्षा वाळलं गवत बरं, किलोला दीड-दोन मेगाजूल जास्त मिळतात.

८ मे

वाढ परत आली. २३ दिवसांच्या पट्ट्यात पहिल्यांदा सोडलं. गवत उंच, पात्यांना बोटाला जाणवेल इतकी धार. नमुन्याची एनडीएफ ४२.

१४ मे

दूध २१.४, फॅट ३.७, सगळ्या २४ गायींची, एक काडी न घालता. शेण अडीच. दूध वेताच्या उताराप्रमाणेच आहे, जास्त पडलेलं नाही.

आठ गठ्ठे उरलेत. काकांनी ते आपणहून खालच्या क्लोव्हरच्या पट्ट्याच्या फाटकाशी नेऊन, ताडपत्रीखाली रचून ठेवले. तिथे सोडायच्या आधी गायीमागे किलोभर, धारेनंतर लगेच. बाजूच्या खुंटीला तेलाची बाटली बांधलीय. काकांच्या वहीत आता नवा रकाना आहे, टक्क्याच्या शेजारी: फॅट, ग्रॅममध्ये.